उमेदवार महानंदाअक्का

महानंदाअक्का कलशेट्टी यांची आणि माझी पहिली भेट गैरसमजातून झाली. मी येरमाळ्याहून मुरुमला, आपल्या रुग्णालयात बिलिंग क्लार्कच्या जागेसाठी आलो होतो. शिक्षण बारावी. टायपिंग, हिशोब आणि पुढे कामगार कायदासुद्धा मी माझा मीच वाचून शिकलो, कुणी शिकवलं नाही. हे सांगण्याची माझी सवय जुनी आहे आणि अक्का त्यावर अजून मला हसतात. तर मी इस्त्रीचा शर्ट घालून वॉर्डाच्या दाराशी उभा होतो. आतून पांढऱ्या साडीतल्या, उंच, घाईने चालणाऱ्या एक बाई आल्या. मला वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाल्या, "आलात का? चला मागं. हात कशाला लावायचा न्हाय, बोलायचं न्हाय, नुस्तं बघायचं."

मी मागे गेलो. नोकरीची परीक्षा कशी घेतात हे मला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही असं दाखवणं माझ्या स्वभावात नाही. दुपारपर्यंत मी त्यांच्या मागे खाटांमधून फिरत राहिलो. एका आजोबांच्या पायाचं ड्रेसिंग पाहताना मला भिंत धरावी लागली. शेवटी त्यांनी विचारलं, "ब्रदरचा कोर्स कुठं केलाय?"

मी म्हणालो, "मी हिशोबाच्या जागेसाठी आलोय."

"मग सकाळपास्नं तोंडात काय धरलं होतं?"

"तुम्हीच म्हणालात, बोलायचं नाही."

त्या हसल्या ते डॉक्टरांच्या केबिनपर्यंत ऐकू गेलं. तसंच हसत त्या मला केबिनमध्ये घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "ह्यांना ठिवून घ्या. सांगितलेलं ऐकतात तरी." माझी नोकरी अशी लागली. त्या तेव्हाही आमच्या मेट्रन होत्या. या गौरवग्रंथात कुणी त्यांना 'संस्थापक मेट्रन' म्हटलं असेल तर तेवढं दुरुस्त करून वाचावं. त्यांच्या आधी एक मेट्रन होऊन गेल्या होत्या, आणि अक्का स्वतः त्यांचं नाव आदराने घेतात.

संपादक मंडळाने मला हा लेख मागितला तेव्हा मी आधी नको म्हणालो. मुरुममध्ये याचं कारण सर्वांना माहीत आहे. यंदा अक्का साठ वर्षांच्या झाल्या, आणि ज्या वॉर्डात त्यांनी हयात घालवली त्याच वॉर्डात त्यांना गळ्यात 'उमेदवार' असा बिल्ला अडकवून फिरावं लागलं. तो बिल्ला रुग्णालयाचा मॅनेजर म्हणून मी दिला. अशा माणसाने गौरवलेख काय लिहावा? पण अक्कांचा निरोप आला, "दत्ताभाऊंनी लिवलं न्हाय तर मी समारंभाला यायची न्हाय." म्हणून लिहितो आहे, आणि मान खाली घालूनच लिहितो आहे.

काही वाचक रुग्णालयाबाहेरचे असतील, त्यांच्यासाठी पद्धत सांगतो. आमच्याकडे नर्सच्या जागेसाठी कुणी अर्ज केला की मुलाखतीआधी एक दिवस तिला किंवा त्याला एका सिस्टरच्या मागे वॉर्डात फिरावं लागतं. पेशंटला हात लावायचा नाही, सल्ला द्यायचा नाही. ड्युटी संपली की तिघांना विचारलं जातं: जिच्या मागे फिरली ती सिस्टर, वॉर्डातल्या मावशी, आणि एका पेशंटचा नातेवाईक. याला सगळे 'सावली-ड्युटी' म्हणतात. "आज सावलीला कोण आलंय?" असं शिपाईसुद्धा विचारतो. ही कल्पना माझी असल्याचं बाहेर बोललं जातं, ते चूक आहे. कल्पना अक्कांची. मी फक्त तिची नियमावली केली.

अक्का म्हणायच्या, "सर्टिफिकेट हातात धरून बसलेली पोरगी कशी दिसती ते मला नको. ओकारी बघून तिचा चेहरा कसा व्हतो ते बघू द्या."

एकदा एका उमेदवार मुलीबरोबर तिचा भाऊ आला. बहिणीला काय काय करावं लागतं ते पाहिल्याशिवाय परवानगी देणार नाही, असं म्हणून तो पोर्चमध्ये ठाण मांडून बसला. मी त्याला नियम सांगायला निघालो, तर अक्का पुढे गेल्या. "बाहीर बसून काय दिसणार तुला? चल की आत. पण बहिणीसारखंच, तोंड बंद." भाऊ बहिणीच्या मागे आणि बहीण सिस्टरच्या मागे अशी वरात निघाली. मधुमेहाच्या पेशंटची जखम उघडल्यावर भाऊसाहेब खाली बसले. बहीण उभी होती. अक्कांनी त्याला पाणी पाजलं आणि विचारलं, "काय ठरवलं मग?"

तो म्हणाला, "हिला घ्या, ताई. आन घरी गेल्यावर हिला पाण्याचा तांब्या म्या देत जातो."

अक्का म्हणाल्या, "जेवण कोण करणार?" ती मुलगी आमच्याकडे पुष्कळ वर्षं होती.

या पद्धतीतला सगळ्यात मोठा भाग मात्र मला उशिरा कळला. तिघांना विचारून झालं की अक्का उमेदवारालाच विचारायच्या, "तुला इथं यायचंय का?" मला हा प्रश्न निरर्थक वाटायचा. नोकरी मागायला आलेलं माणूस नाही कशाला म्हणेल? पण कळंबकडची एक मुलगी आली, आतापर्यंतच्या सर्वांत हुशार उमेदवारांपैकी एक. सिस्टर, मावशी, नातेवाईक, तिघांनीही तिला चांगलं म्हटलं. अक्कांनी प्रश्न विचारला आणि ती म्हणाली, "नको मॅडम. इथं सगळ्या सिस्टर उभ्यानं जेवतात."

खरं होतं ते. औषधांच्या कपाटाशेजारी डबा उघडायचा, दोन घास घ्यायचे, बेल वाजली की झाकण लावायचं. मी रोज तिथून जात होतो. बिलातला एक रुपया इकडचा तिकडे झाला तर मला दिसायचा, आणि उभ्याने जेवणाऱ्या बायका कधी दिसल्या नाहीत. अक्का त्या मुलीवर रागावल्या नाहीत. तशाच उठून डॉक्टरांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "परक्या पोरीनं येऊन आपल्याला नापास केलं. आता काय करता?" जुनी स्टोअररूम रिकामी झाली, टेबल आलं, बाकं आली. आज तिथे सिस्टर बसून जेवतात. त्या दिवशीही माझी मान खाली गेली होती. पण ती सवय तेव्हा नवी होती.

आता नियमावलीबद्दल. ती मी लिहिली आणि तिचा मला अभिमान होता, हे लपवत नाही. वकिलांना दाखवली तेव्हा त्यांनी एक स्वल्पविराम हलवला, बाकी काही नाही. तिच्यातलं एक कलम असं आहे की नर्सिंगची कोणतीही नवी नेमणूक सावली-ड्युटीशिवाय होणार नाही आणि याला अपवाद नाही. 'अपवाद नाही' हे शब्द अक्कांनी घालायला लावले. एका बड्या घरच्या मुलीला तसंच घ्या म्हणून दडपण आलं होतं, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "असं लिवा की मला बी ते मोडता येऊ नये."

आमच्याकडे साठाव्या वर्षी निवृत्ती होते. विश्वस्तांची आणि डॉक्टरांची इच्छा होती की अक्कांनी करारावर मेट्रन म्हणून पुढे राहावं. अक्कांचीही तीच इच्छा असणार असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. त्यांनी लग्न केलेलं नाही. आवारातल्या क्वार्टरमध्येच त्या राहिल्या. नोकरी गेली की ते घरही जाणार होतं. म्हणजे प्रश्न नुसत्या खुर्चीचा नव्हता.

बैठकीत सगळे हो म्हणाले. मी म्हणालो, "निवृत्तीनंतरची नेमणूक म्हणजे कायद्याने नवी नेमणूक." मला फक्त मुद्दा नोंदवायचा होता. तपशील सुटला तर मला झोप येत नाही.

डॉक्टर चिडले. "अक्कांना कसली सावली-ड्युटी? त्यांनी कुणाच्या मागं फिरायचं, माझ्या?"

मी कलम वाचून दाखवलं. दाराशी बसलेल्या अक्का म्हणाल्या, "बरोबर हाय त्यांचं. कधी येऊ?"

त्यानंतरचे दिवस मी मुरुममध्ये कसे काढले ते मलाच माहीत. कॅन्टीनचा चहा माझ्या टेबलावर थंड होऊन यायला लागला. वॉर्डातल्या कलावतीमावशी मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायच्या, "देवळात देवीला सुद्धा पास मागतील ही मानसं." घरी बायको म्हणाली, "तुम्हाला ती बाई नोकरीला लावती आणि तुम्ही तिचीच परीक्षा घेता व्हय?" तिला नियम समजावून सांगायला लागलो आणि मध्येच थांबलो. मी बरोबर होतो, आणि बरोबर असण्याची मला आयुष्यात पहिल्यांदा लाज वाटत होती.

ठरलेल्या सकाळी अक्का आल्या त्या पांढऱ्या साडीत नव्हत्या. उमेदवाराने घरचे कपडे घालायचे असतात, म्हणून हिरवी इरकली नेसून आल्या. माझ्यासमोर हात पुढे केला. "बिल्ला द्या की, मॅनेजरसाहेब." एरवी त्या मला दत्ताभाऊ म्हणतात. मी बिल्ला टेबलावरून सरकवला, त्यांच्या हातात देण्याची हिंमत झाली नाही.

वॉर्डाच्या इन्चार्ज फर्जाना सिस्टर. अक्कांनीच घडवलेल्या, रोज उमरग्याहून बसने येतात. त्यांच्या मागे अक्कांनी फिरायचं होतं. फर्जाना सिस्टरचे डोळे आधीच लाल होते. "सर, मला सुट्टी द्या आज," त्या म्हणाल्या. अक्काच म्हणाल्या, "सुट्टी कसली? चल पुढं. तू पुढं झाल्याशिवाय मला मागं येता येईना."

नियमाप्रमाणे मलाही लांबून पाहावं लागतं. मी पाहत होतो. पहिल्या खाटेवरचा माणूस फर्जाना सिस्टरच्या खांद्यावरून मान काढून म्हणाला, "अक्का, ह्या सुईचं बघा की जरा." अक्का म्हणाल्या, "सिस्टरला सांगा. म्या आज पाहुणी." पुढच्या खाटेवर तेच. डॉक्टर राउंडला आले आणि सवयीने अक्कांकडे पाहून विचारलं, "रात्री ताप होता का?" अक्का छताकडे बघायला लागल्या. उत्तर फर्जाना सिस्टरने दिलं, पण काहीही करण्याआधी त्याही मागे वळून अक्कांकडे पाहायच्या. प्रत्येक वेळी. सलाईनचा वेग बदलायचा तरी, चार्टवर सही करायची तरी. मला आधी ते आदराचं वाटलं, आणि मनात म्हटलं, बघा, अक्कांशिवाय वॉर्डाचं पान हलत नाही. मी मनातल्या मनात त्यांना पास करूनही टाकलं होतं.

खिडकीजवळच्या खाटेवर सीमेपलीकडच्या गावातल्या एक आजी होत्या. त्यांना कानडीशिवाय काही येत नव्हतं, आणि मुलगा औषध आणायला गेला होता. आजी पोटावर हात ठेवून भराभर काहीतरी सांगत होत्या. आमच्याकडे कानडी पेशंट आला की अक्काच बोलतात, वर्षानुवर्षं हेच चालत आलं आहे. त्या दिवशी अक्कांना बोलता येत नव्हतं. त्यांचे ओठ हलले आणि त्यांनी ते घट्ट मिटून घेतले. मी कलम बाजूला ठेवून पुढे व्हायच्या बेतात होतो.

तेवढ्यात फर्जाना सिस्टर खाटेच्या कडेला टेकल्या. "अज्जी, नोवु एल्लि? इल्ली?" आणि मग दोघींचं जे सुरू झालं! कुठे दुखतं, कधीपासून, काय खाल्लं. आजी रडता रडता हसायला लागल्या. अस्सल कानडी, अडखळणं नाही.

अक्कांनी नियम मोडला तो तिथे, एवढाच एकदा. "तुला कानडी येतं?"

"माझी नानी कर्नाटकातल्या आळंदची, अक्का. लहानपणी तिच्याकडंच होते."

"मग इतकी वर्षं कधी बोलली न्हायीस ती?"

"तुम्हीच बोलत होता की. मधी कशाला बोलू?"

उरलेली ड्युटी अक्का आणखी मागे राहून चालल्या.

दुपारी ठरल्याप्रमाणे मी तिघांना विचारलं. फर्जाना सिस्टर म्हणाल्या, "सर, हे मला विचारू नका. अल्ला माफ करणार नाही मला." कलावतीमावशी म्हणाल्या, "आता लेकीला इचारा, आई पास झाली का म्हणून. लाज वाटंना का तुमास्नी?" मी म्हणालो, वाटते. त्या चपापल्या. मग आजींच्या मुलाला विचारलं. तो नवा माणूस, त्याला अक्का कोण हे ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, "मागच्या बाई चांगल्या वाटल्या, साहेब. पण एक सांगू का? सगळे त्यांच्याकडंच बघत व्हते. माझ्या आईला सुई देनाऱ्या सिस्टरकडं कुनीच बघंना."

आता शेवटचा प्रश्न राहिला. माझ्या केबिनमध्ये अक्का समोरच्या खुर्चीवर, उमेदवाराच्या जागी बसल्या होत्या. मी म्हणालो, "अक्का, बाकी सगळं उपचार म्हणून होतं. नेमणुकीचं पत्र तयार आहे."

"प्रश्न राहिला की. विचारा."

"राहू द्या आता."

"कलमात हाय ना? मग विचारा, साहेब."

मी विचारलं, "तुम्हाला इथं यायचं आहे का?"

अक्का खिडकीबाहेर पाहत होत्या. मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "न्हाय."

मी काहीतरी पुटपुटलो. मी ते कलम काढून टाकतो, मी बैठक बोलावतो, असं. त्या म्हणाल्या, "कलम राहू द्या. नीट लिवलंय तुम्ही. दत्ताभाऊ, ती पोरगी चांगली हाय. मी तिला घडवलं असं मीच सांगत फिरते. आन आज मागनं बघितलं तर तिला दर गोष्टीला माझ्याकडं वळून बघायला मीच लावलंय. मी खुर्चीत असस्तोवर ती खरी इन्चार्ज व्हायची न्हाय." थोडं थांबून म्हणाल्या, "आन खरं सांगू का? हे तिच्यासाठी सोडते असं बी लिवू नका कुठं. मी दमलेय. कधीची दमलेय. पण मला कधी कुणी विचारलंच न्हाय, की तुला इथं राहायचंय का."

मित्रहो, मला वाटत होतं की माझी लाज त्या बिल्ल्याची आहे. ती त्याची नव्हती. शेकडो परक्या मुलींना आमच्या रुग्णालयाने हा प्रश्न विचारला, आणि ज्यांनी तो विचारायला शिकवलं त्यांना एकदाही विचारला नाही. अक्का आहेतच, असं आम्ही धरून चाललो. दिवाळीची ड्युटी कोण करणार? अक्का. साथ आली, कोण थांबणार? अक्का. त्यांना घर नाही म्हणून त्या थांबतात, असं आम्ही समजत होतो, आणि त्याला त्यांची निष्ठा म्हणत होतो. या ग्रंथातही ते तसंच लिहिलं जाईल. निष्ठा खरीच आहे. पण तिच्या आधाराने आम्ही किती निवांत झोपलो, तेही कुणीतरी लिहायला हवं, म्हणून मी लिहितो.

मी त्यांना म्हणालो, "आता काय करणार, अक्का?"

"येडाईच्या यात्रेला येते तुमच्या गावी. दरवर्षी घरी या म्हणता आन दरवर्षी रजा देत न्हाय." खरं आहे. आमच्या देवीची यात्रा चैत्रात, तेव्हाच उन्हाचे पेशंट वाढतात आणि रजेचा अर्ज माझ्याच टेबलावर येतो.

क्वार्टरचा प्रश्न उरला. विश्वस्तांनी सांगितलं, घर अक्कांकडेच राहू द्या. अक्कांनी ऐकलं नाही. "इन्चार्जला लागतं ते. फर्जाना किती दिवस बस धरणार?" गावात दोन खोल्या भाड्याने पाहिल्या आणि सामान हलवलं. फर्जाना सिस्टरच्या घरचे सगळे सामान उचलायला आले होते. किल्ली मला देताना अक्का म्हणाल्या, "स्वयंपाकघराचं छत गळतंय. तिला दुरुस्त करून द्या. मला न्हाय दिलंत ते न्हाय दिलंत." छताचं काम त्याच आठवड्यात झालं. इतक्या लवकर ते होऊ शकतं, हे मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही.

यंदाच्या चैत्रात अक्का खरंच येरमाळ्याला आल्या. माझ्या आईशेजारी बसून जेवल्या, दुपारी ओसरीवर घोरत झोपल्या. त्यांना झोपलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. आईने मला बोट ओठांवर ठेवून आत घालवलं.

अक्का, तुमच्या साठाव्या वर्षाच्या निमित्ताने आम्ही सगळे तुम्हाला उदंड आयुष्य चिंतितो. गुडघे शाबूत राहोत, साखर ताब्यात राहो, आणि सकाळी ऊन अंगावर येईपर्यंत झोप लागो. समारंभाला येते म्हणून तुम्ही शब्द दिलाय, पण त्या शब्दाला आम्ही तुम्हाला बांधून ठेवणार नाही. त्या दिवशी यावंसं वाटलं तर या. नाही वाटलं तर हे पुस्तक घेऊन आम्हीच तुमच्या घरी येऊ, आणि तुम्ही आत या म्हणेपर्यंत दाराबाहेर उभे राहू.